बंद कॉइल आणि दुखरा खांदा : चुंबकोपचाराचा इतिहास



खांदा वर होत नाही, टाचेमागची शीर धरली आहे, कोपराला टेनिस एल्बो झालाय. घरोघरी ऐकू येणाऱ्या तक्रारी आहेत या. तक्रार दोन-तीन महिने टिकली की कुणीतरी सुचवतंच, "चुंबकाचा पट्टा लावून बघा." कुणी गादी सुचवतं, कुणी बुटात घालायचे तळवे, कुणी हातातलं कडं. फिजिओथेरपीच्या दवाखान्यात गेलात तर तिथे विजेवर चालणारं 'मॅग्नेटो'चं यंत्रही दिसतं. या सगळ्यांना आपण एकाच नावानं ओळखतो : चुंबकोपचार.

आज आपण या उपचाराचा इतिहास पाहणार आहोत. तो पाहताना एक प्रश्न सतत हाताशी ठेवू. एखाद्याला चुंबक लावला आणि त्याला बरं वाटलं, तर ते चुंबकामुळे वाटलं हे ओळखायचं कसं? या प्रश्नाचं उत्तर शोधायला माणसाला कित्येक शतकं लागली.

सुरुवात आपल्याकडूनच करू. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात सत्ताविसावा अध्याय आहे, शरीरात रुतलेलं शल्य कसं काढायचं यावरचा. शल्य म्हणजे बाणाचं टोक, काटा, अशी बाहेरून घुसलेली वस्तू. ते काढण्याच्या उपायांत 'अयस्कांत', म्हणजे लोहचुंबक, सांगितलेला आहे. पण सुश्रुत लगेच अटी घालतात. शल्य सरळ घुसलेलं असावं, आत अडकलेलं नसावं, त्याला मागे वळलेले काटे नसावेत आणि जखमेचं तोंड पुरेसं मोठं असावं. म्हणजे चुंबक लोखंड ओढतो एवढ्याच गुणावर हा उपयोग उभा आहे. चुंबक वेदना ओढून घेतो, सूज उतरवतो, असं इथे म्हटलेलं नाही. उपाय कुठे चालतो आणि कुठे चालत नाही, हे शल्यवैद्यानं आधीच सांगून ठेवलं. ही शिस्त पुढे बराच काळ हरवलेली दिसते.

युरोपात सोळाव्या शतकात पॅरासेल्सस नावाचा वैद्य होऊन गेला. चुंबक लोखंड ओढतो, तर तो रोगही ओढून घेईल, असा त्याचा तर्क होता. ऐकायला पटतो, पण तपासलेला नव्हता. इ. स. १६०० मध्ये विल्यम गिल्बर्ट या इंग्लिश वैद्यानं 'डी मॅग्नेटे' हा ग्रंथ लिहिला. पृथ्वी स्वतः एक मोठा चुंबक आहे हे त्यानं मांडलं. शिवाय लसूण चोळलं की चुंबकाची शक्ती जाते, यासारख्या जुन्या समजुती त्यानं प्रयोग करून खोट्या ठरवल्या. पण चुंबकाची परीक्षा घेणं सोपं असतं. माणसाच्या दुखण्याची परीक्षा घेणं कठीण, कारण दुखणं मोजायचं तर माणसालाच विचारावं लागतं.

ही अडचण अठराव्या शतकात उघड झाली. व्हिएन्नात माक्सिमिलियन हेल नावाचे एक जेझुइट खगोलशास्त्रज्ञ होते. ते शरीराच्या वेगवेगळ्या भागांवर बसतील असे चुंबक बनवून घेत. १७७४ मध्ये फ्रान्झ मेस्मर या डॉक्टरनं त्यांच्याकडचे चुंबक एका रुग्ण स्त्रीवर वापरले. तिला बरं वाटलं. मग मेस्मरच्या लक्षात आलं की चुंबक न लावतासुद्धा, नुसते हात फिरवूनही रुग्णांना बरं वाटतं. यावरून दोन निष्कर्ष निघू शकत होते. एक, चुंबकाची गरजच नव्हती. दुसरा, मेस्मरच्या शरीरातच चुंबक आहे! त्यानं दुसरा निवडला आणि त्याला 'प्राणिज चुंबकत्व' असं नाव दिलं. १७७८ मध्ये तो पॅरिसला आला आणि तिथे त्याचा मोठा बोलबाला झाला.

१७८४ मध्ये राजा सोळाव्या लुईनं चौकशीसाठी आयोग नेमला. त्यात रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते, खगोलशास्त्रज्ञ बायी होते, डॉक्टर गियोताँ होते आणि अमेरिकेचे फ्रान्समधले राजदूत बेंजामिन फ्रँकलिनही होते. मेस्मरचा शिष्य देलाँ यानं प्रयोगाला संमती दिली. फ्रँकलिन पॅरिसजवळ पासी इथे राहत. त्यांच्या बागेतल्या एका जर्दाळूच्या झाडाला देलाँनं 'चुंबकीय' केलं. मग या उपचाराचा परिणाम चटकन होणाऱ्या एका बारा वर्षांच्या मुलाला डोळे बांधून आणलं आणि झाडाझाडाशी उभं केलं. मुलाला घाम फुटला, खोकला आला आणि चौथ्या झाडाशी तो बेशुद्ध पडला. पण 'चुंबकीय' झाड ते नव्हतंच! ते अजून बरंच लांब होतं.

आयोगानं असं म्हटलं नाही की मुलगा सोंग करतोय. परिणाम खरा होता, कारण मात्र चुंबक नव्हता. मनाची अपेक्षा माणसाला बेशुद्धसुद्धा पाडू शकते, तर ती थोडी वेदना कमी करू शकेल यात नवल काय? या आयोगानं प्रत्यक्ष लोहचुंबक तपासला नव्हता, मेस्मरचा दावा तपासला होता, हेही ध्यानात ठेवू. पण डोळे बांधून परीक्षा घ्यायची रीत तिथून पुढे चालू लागली.

तिचा पुढचा टप्पा इंग्लंडात बाथ या गावी आला. अमेरिकेतले डॉक्टर एलिशा पर्किन्स यांनी १७९६ मध्ये धातूच्या दोन टोकदार कांड्यांचं पेटंट घेतलं होतं. दुखऱ्या भागावरून त्या ओढल्या की संधिवात बरा होतो, असा दावा. १७९९ मध्ये जॉन हेगार्थ या डॉक्टरांनी तशाच दिसणाऱ्या लाकडी कांड्या करून घेतल्या आणि जुन्या संधिवाताच्या पाच रुग्णांवर फिरवल्या. पाचांपैकी चौघांना आराम पडला. दुसऱ्या दिवशी खऱ्या धातूच्या कांड्या फिरवल्या, तर निकाल तोच. दुखऱ्या हातापायांसाठी बनावट उपकरण वापरून घेतलेली ही फार जुनी चाचणी आहे.

इथपर्यंत ऐकून कुणी म्हणेल, म्हणजे चुंबकोपचार सगळा खोटाच! थांबा. कारण १८३१ मध्ये मायकेल फॅरेडेनं एक शोध लावला आणि प्रश्नाचं स्वरूपच बदललं. तारेजवळ चुंबकीय क्षेत्र सतत बदलत राहिलं, तर तारेत विजेचा प्रवाह उत्पन्न होतो. नुसता ठेवलेला, न हलणारा चुंबक मात्र स्थिर तारेत काही करत नाही. पट्ट्यात शिवलेला चुंबक आणि विजेवर चालणारी कॉइल यांच्यातला फरक इथे आहे. कॉइलमधून प्रवाहाचे ठोके सोडले की क्षेत्र वाढतं, उतरतं आणि त्यामुळे जवळच्या पेशीसमूहात अगदी मंद वीज उत्पन्न होते. नाव एकच असलं तरी हे दोन वेगळे उपचार आहेत.

पण मंद विजेचा हाडाशी किंवा कंडरेशी संबंध काय? कंडरा म्हणजे टेंडन, स्नायूला हाडाशी जोडणारी चिवट दोरी. १९५७ मध्ये जपानमध्ये एइची फुकादा आणि इवाओ यासुदा यांनी दाखवलं की कोरड्या हाडावर दाब दिला की त्यात विद्युत भार उत्पन्न होतो. पुढे १९६४ मध्ये त्यांनी हाच गुण कोलॅजनमध्येही दाखवला आणि त्यासाठी कंडरेचे नमुने वापरले. कोलॅजन हे हाड आणि कंडरा या दोन्हींचं मुख्य प्रथिन. मग विचार आला : चालल्या-वागल्यानं उत्पन्न होणारी वीज जर पेशींना 'इथे बांधकाम करा' असा निरोप देत असेल, तर तो निरोप आपण बाहेरून पाठवला तर?

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले अस्थिशल्यविशारद अँड्र्यू बॅसेट यांनी तेच केलं. १९७४ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या हाडांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. पुढे न जुळणाऱ्या अस्थिभंगांच्या रुग्णांना कॉइल लावल्या जाऊ लागल्या आणि १९७९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं या वापराला मान्यता दिली. हाडासाठी चालतं तर कंडरेसाठी का नाही, हा पुढचा प्रश्न ओघानं आलाच.

आता आपण १९८४ सालात येतो. 'द लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात त्या वर्षी दोन शोधनिबंध आले. ते शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत.

पहिला केंब्रिजच्या गटाचा. त्यात बाइंडर, हेझलमन आणि त्यांचे सहकारी होते. खांद्याभोवतीच्या कंडरांचा जो पट्टा असतो, त्याला रोटेटर कफ म्हणतात. स्टेरॉइडच्या इंजेक्शननंही ज्यांचं हे दुखणं हटलं नव्हतं असे २९ रुग्ण त्यांनी घेतले. काहींना चालू कॉइल दिली, काहींना तशीच दिसणारी पण बंद. कोणाची कुठली, हे ना रुग्णाला माहीत, ना तपासणाऱ्याला. चार आठवड्यांनी चालू कॉइलवाल्यांची प्रकृती स्पष्टपणे चांगली होती. मग पुढचे चार आठवडे सगळ्यांनाच चालू कॉइल दिली आणि दोन्ही गटांतला फरक मिटला. सोळा आठवड्यांनी २९ पैकी १९ जणांना काहीच त्रास उरला नव्हता आणि आणखी पाच जण बरेच सुधारले होते.

निकाल आशादायक आहे. पण नीट पाहा. पहिल्या चार आठवड्यांनंतर तुलनेला बंद कॉइलवालं कुणी उरलंच नाही. त्यामुळे सोळाव्या आठवड्यातल्या त्या १९ जणांत कॉइलचा वाटा किती आणि काळाचा किती, हे या आकड्यावरून सांगता येत नाही.

दुसरा शोधनिबंध शेफील्डचा, अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांचा. नडगीचं हाड न जुळलेले १६ रुग्ण. नऊ जणांना चालू कॉइल, सात जणांना बंद. सगळ्यांचे पाय सारखेच प्लास्टरमध्ये आणि पायावर भार न देण्याची सूचनाही सारखीच. २४ आठवड्यांनी चालू कॉइलच्या नऊपैकी पाच जणांची हाडं जुळली. आणि बंद कॉइलच्या सातपैकी? पाच जणांचीच! म्हणजे ज्या हाडांना 'आता जुळणार नाही' म्हटलं होतं, त्यांपैकी बरीच प्लास्टर, विश्रांती आणि वेळ एवढ्यावर जुळली. बंद कॉइल नसती तर याचं श्रेय चालू कॉइलला गेलं असतं. रुग्ण थोडे होते, त्यामुळे या एका चाचणीनं विषय संपत नाही. पण आधीच्या वर्षांतले तुलनेशिवायचे मोठमोठे यश पुन्हा तपासायला हवेत, हे तिनं दाखवून दिलं.

बार्कर काही चुंबकाचे वैरी नव्हते. पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, त्यांच्याच गटानं डोक्याजवळ कॉइल धरून चुंबकीय ठोक्यानं मेंदूला उद्दीपित करून हात हलवून दाखवला. त्यातून पुढे नैराश्यावरचा एक मान्यताप्राप्त उपचार उभा राहिला. तेव्हा 'चुंबक खरा की खोटा' असा प्रश्नच चुकीचा आहे. कुठलं क्षेत्र, किती तीव्र, कशासाठी, आणि बंद कॉइलच्या तुलनेत किती फायदा, असं विचारायला हवं.

तोच प्रश्न कोपराबद्दल विचारला गेला. १९८५ मध्ये हेझलमन यांच्याच गटानं टेनिस एल्बोच्या ३० रुग्णांवर चालू आणि बंद कॉइलची चाचणी केली. किमान आठ आठवडे उपचार झाले. दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. खांद्याच्या कंडरेत आशा दिसली, कोपराच्या कंडरेत नाही. आपला निरुत्साही निकालही त्यांनी छापला, याचं श्रेय त्यांना द्यायला हवं.

आता कंडरेकडेच वळू, कारण ती फार हट्टी चीज आहे. तिला रक्तपुरवठा कमी आणि ती स्वतःला नवी करते फार सावकाश. किती सावकाश? शीतयुद्धाच्या काळात, १९५५ ते १९६३ दरम्यान, झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेत किरणोत्सर्गी कार्बन वाढला होता. त्याचा माग काढून डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की टाचेमागच्या अकिलिस कंडरेचा गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत घडतो आणि त्यानंतर जवळजवळ बदलत नाही. अशा उतीची दुरुस्ती आठवड्यांत नव्हे, महिन्यांत मोजावी लागते. आणि दुखणं महिनोन्‌महिने चढत-उतरत असतं. माणूस उपाय शोधतो तो दुखणं अगदी चढलेलं असताना. त्यानंतर ते थोडं उतरणारच असतं. त्या वेळी जो पट्टा बांधलेला असेल, त्याला श्रेय मिळतं.

दुसरी गोष्ट सुजेची. या दुखण्याला आपण सर्रास 'टेंडिनायटिस' म्हणतो, म्हणजे कंडरेचा दाह. पण १९७६ मध्ये इटलीचे जियानकार्लो पुद्दू आणि पुढे इतरांनी दाखवलं की जुनाट दुखण्यात दाहाच्या नेहमीच्या खुणा फारशा सापडत नाहीत. सापडते ती झीज आणि विस्कटलेलं कोलॅजन. १९९८ मध्ये निकोला माफुल्ली आणि सहकाऱ्यांनी सुचवलं की सरसकट 'टेंडिनायटिस' न म्हणता 'टेंडिनोपॅथी' म्हणावं. दाहाचा काहीच हात नसतो असं नाही, अलीकडच्या संशोधनात त्याच्या काही खुणा दिसतात. पण 'सूज उतरवली की काम झालं' एवढं हे सोपं नाही.

मग आज विजेवरच्या कॉइलबद्दल काय म्हणायचं? प्रयोगशाळेत आशा आहे. २००६ मध्ये उंदरांच्या कापून शिवलेल्या अकिलिस कंडरेवर कॉइल वापरली, तेव्हा तीन आठवड्यांनी तिची ताण सोसायची ताकद ६९ टक्क्यांपर्यंत जास्त आढळली. कंडरेच्या पेशींवरच्या प्रयोगांतही दाह कमी करणारे बदल दिसले आहेत. माणसांत चित्र इतकं ठळक नाही. इटलीत रोटेटर कफच्या शस्त्रक्रियेनंतर चालू आणि बंद कॉइलची तुलना झाली, तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. पहिल्या तीन महिन्यांत चालू कॉइलवाल्यांना आराम जास्त होता. दोन वर्षांनी दोन्ही गट सारखेच. म्हणजे मूळ उपचाराला जोड म्हणून सुरुवातीचा त्रास थोडा कमी होऊ शकेल, इतपत म्हणता येतं. कंडरा नवी होते, असं म्हणता येत नाही.

आणि पट्टे, तळवे, कडी? हे स्थिर चुंबक. २००३ मध्ये अमेरिकेत टाचेच्या तळव्याकडच्या दुखण्याच्या १०१ रुग्णांना बुटात घालायचे तळवे दिले, काहींत चुंबक होता, काहींत नव्हता. आठ आठवड्यांनी दोन्ही गटांत साधारण एक तृतीयांश लोक पूर्ण किंवा बहुतांशी बरे होते. तळव्याची मऊ गादी उपयोगी पडली असेल, दिवस गेले म्हणूनही फरक पडला असेल. चुंबकाचा वेगळा फायदा दिसला नाही.

विक्रेते सांगतात, रक्तात लोह असतं, ते चुंबक ओढतो आणि रक्ताभिसरण वाढतं. रक्तात लोह असतं हे खरं. पण ते खिळ्यातल्या लोखंडासारखं नसतं. १९३६ मध्ये लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरियेल यांनी मोजून दाखवलं की प्राणवायू घेतलेलं हिमोग्लोबिन चुंबकाकडे जात नाही, उलट अगदी क्षीणपणे दूर सरतं. साधा पुरावा हवा असेल तर एमआरआयचं यंत्र आठवा. त्याचं क्षेत्र फ्रिजवर चिकटवायच्या चुंबकाच्या शेकडो पट असतं. खांद्याचा एमआरआय काढून आलेल्यांचा खांदा त्यामुळे बरा होत नाही.

यात बिघडतं काय, असं कुणी विचारेल. बांधला पट्टा तर बांधला! बिघडतं ते असं : पैसे जातात आणि महिने जातात. कंडरेला मानवतो तो हळूहळू वाढवलेला भार. १९९८ मध्ये स्वीडनच्या हाकन अल्फ्रेडसन यांनी अकिलिस दुखणाऱ्या १५ हौशी खेळाडूंना टाच सावकाश खाली नेण्याचा व्यायाम १२ आठवडे, दिवसातून दोनदा करायला लावला. शस्त्रक्रियेची वाट पाहणारी ही माणसं पुन्हा धावू लागली. ही चाचणीही लहान होती आणि व्यायामाची 'बंद कॉइल' करता येत नाही, हे मान्य करायला हवं. पण नंतर वेगवेगळ्या पद्धतींनी हा मार्ग पुन्हा पुन्हा तपासला गेला आणि आज कंडरेच्या जुनाट दुखण्यात व्यायाम हाच उपचाराचा कणा मानला जातो. पट्ट्यावर विसंबून हा व्यायाम राहून गेला, तर ते खरं नुकसान.

तेव्हा कुणी कॉइल सुचवली तर तीन गोष्टी विचारा. यंत्र स्थिर चुंबकाचं आहे की बदलत्या क्षेत्राचं? माझ्याच दुखण्यावर त्याची बंद यंत्राशी तुलना झाली आहे का? आणि सोबत व्यायाम कोणता करायचा आहे? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर दुसरा दवाखाना शोधा. घरात कुणाला पेसमेकर असेल, तर चुंबक आणि कॉइल या दोन्हींपासून दूर राहावं आणि आधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारावं. आणि टाचेमागे फटकन आवाज होऊन चवड्यावर उभं राहता येईना, तर पट्टा, लेप, मालिश काही करत बसू नका. कंडरा तुटलेली असू शकते. त्याच दिवशी अस्थितज्ज्ञांकडे जा.

आजच्यापुरतं इतकंच. तुमच्या भागात या दुखण्यांना काय म्हणतात, चुंबकाचे कुठले प्रकार विकले जातात, हे जरूर कळवा. इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, जिथे कुठे असाल तिथून लिहा. पुढच्या भागात भेटू.